सूक्ष्म कारागिरी : चीनची आणि आपल्या तेरची

हैदराबादच्या सालारजंग संग्रहालयात दर तासाला एक गंमत होते. तिथल्या मोठ्या घड्याळातून एक छोटा मनुष्य बाहेर येतो, घंटेवर टोले देतो आणि आत निघून जातो. आमच्या इतिहास विभागाची सहल तिथे पोहोचली तेव्हा बाराला पाच मिनिटे कमी होती. साहजिकच सगळे त्या घड्याळापुढे बसले. मला मागे जागा मिळाली, पुढच्यांची डोकी तेवढी दिसत होती. म्हणून मी उठलो आणि भटकत भटकत चिनी वस्तूंच्या दालनात शिरलो. या लेखाचे मूळ त्या न मिळालेल्या जागेत आहे.

तिथे काचेच्या कपाटात अंगठ्याएवढ्या कुप्या मांडल्या होत्या. तपकिरीच्या कुप्या. आमची आजी तपकीर लावायची, पण तिची डबी पत्र्याची होती आणि झाकण उघडताना ते तिला दातांनी ओढावे लागे. चीनमधल्या हौशी माणसांनी याच तपकिरीसाठी काच, अकीक, जेड, हस्तिदंत यांच्या कुप्या करवून घेतल्या. त्यांतला एक प्रकार असा की, पारदर्शक कुपीवर डोंगर, झाडे, माणसे रंगवलेली दिसतात. पण बोट फिरवावे तर बाहेरून काच गुळगुळीत लागते, कारण चित्र आतल्या बाजूने काढलेले असते. कुपीचे तोंड जेमतेम तुरीचा दाणा जाईल एवढे. त्यातून टोकाशी वाकवलेली बांबूची काडी किंवा बारीक कुंचला आत घालायचा आणि आतल्या भिंतीवर रंगवायचे. गुळगुळीत काचेवर शाई धरत नाही, म्हणून आधी कुपीत बारीक वाळू किंवा लोखंडी छर्रे घालून ती खूप वेळ हलवायची. काचेची आतली बाजू खरखरीत होते. शिवाय सगळे उलटे काढावे लागते. आपण कागदावर आधी पार्श्वभूमी रंगवतो आणि शेवटी डोळ्यातले बुबुळ काढतो. इथे बुबुळ आधी आणि चेहरा नंतर. एकोणिसाव्या शतकात ही कला चीनमध्ये भरास आली.

चिनी सूक्ष्मकलेचा विचार करताना आपण ‘बारीक काम’ असे म्हणून मोकळे होतो. पण एकेका द्रव्याची रीत निराळी आहे. जेड हा दगड पोलादी हत्याराला दाद देत नाही. त्यामुळे जेडचे ‘कोरीवकाम’ हा शब्दच चुकीचा आहे. जेड कोरत नाहीत, झिजवतात. जेडपेक्षा कठीण अशी वाळू किंवा कुरुंदाची पूड पाण्यात कालवून, फिरत्या चकतीखाली घालून, तिच्याकडून दगड खाववला जातो. हत्यार हे त्या वाळूला फिरवणारा हात तेवढा. फुलाची एक पाकळी सुटी करायला किती दिवस लागत असतील याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

हस्तिदंताचे तसे नाही. तो घट्ट असतो, त्यात नैसर्गिक स्निग्धता असते, लाकडासारखे ठळक रेषे नसतात, म्हणून केसाएवढी रेघही तो धरून ठेवतो. क्वांगचौ, म्हणजे जुने कँटन, इथल्या कारागिरांनी या गुणाचा कळस गाठला तो चेंडूत. एका अखंड हस्तिदंताचा गोळा कातायचा. त्याला सर्व बाजूंनी मध्यबिंदूकडे निमुळती होत जाणारी छिद्रे पाडायची. मग त्या छिद्रांतून काटकोनात वाकवलेले पाते घालून, आतल्या थरापासून सुरुवात करून, एकेक कवच सुटे करत बाहेर यायचे. शेवटी एकात एक असे अनेक पोकळ गोळे तयार होतात आणि प्रत्येक गोळा स्वतंत्र फिरतो. १३८८ सालच्या एका चिनी ग्रंथात तीन थरांच्या अशा चेंडूचा उल्लेख आहे आणि त्याला ‘भुताचे काम’ म्हटले आहे. पुढे थरांची संख्या डझनांनी मोजू लागले.

खरे सांगायचे तर हे चेंडू मला आवडत नाहीत. पाहताना तोंडात बोट जाते, पण ते बोट काढल्यावर मनात काही उरत नाही. ‘हे किती अवघड होते बघा’ याखेरीज ते काही सांगत नाहीत. सूक्ष्मकलेचा हा धोका सगळीकडे आहे. तांदळावर श्लोक लिहिणाऱ्यांचे कौतुक आपल्याकडेही होते. पण तो श्लोक तांदळावर आला म्हणून त्याचा अर्थ काही वाढत नाही.

याच्या अगदी उलट उदाहरण एका नावेचे आहे. मिंग राजवटीच्या उत्तरकाळात वांग शू-युआन नावाच्या कारागिराने १६२२ साली फळाच्या एका कोयीतून नाव कोरली. सू तुंग-पो हा अकराव्या शतकातला कवी मित्रांसह लाल कड्याखाली नौकाविहाराला गेला होता, तो हा प्रसंग. वेइ श्यूए-यी या लेखकाला ती नाव भेट मिळाली आणि त्याने तिच्यावर एक छोटा निबंध लिहिला. चीनमधली मुले तो शाळेत वाचतात. निबंधाची रीत मोठी मजेची आहे. लेखक स्तुतीचे शब्द जवळजवळ वापरतच नाही. तो नुसता पाहतो आणि मोजतो. नावेत माणसे पाच, खिडक्या आठ आणि त्या उघडतात व मिटतात. एक शेगडी, एक किटली, एक गुंडाळपट, एक जपमाळ. अक्षरे एकंदर चौतीस. कोणाचा गुडघा कोणाला टेकला आहे, कोणाचे तोंड उघडे आहे, कोण किटलीच्या आवाजाकडे कान लावून बसला आहे, हे सगळे तो नोंदवतो. आणि अखेरीस सांगतो की एवढे सगळे असूनही नावेची लांबी इंचभरसुद्धा भरत नाही. हा लेखक तीन वर्षांनी, १६२५ साली, दरबारी कारस्थानात वडील बळी गेल्याच्या दुःखाने तरुणपणीच वारला. त्या कोयीचे पुढे काय झाले कोण जाणे, निबंध मात्र राहिला.

त्याच प्रसंगावरची दुसरी नाव मात्र आजही पाहता येते. ती तैपेइच्या राजप्रासाद संग्रहालयात आहे. छन त्सू-चांग या राजवाड्यातल्या कारागिराने १७३७ साली ऑलिव्हच्या बीमधून ती केली. लांबी ३.४ सेंटिमीटर, उंची १.६ सेंटिमीटर. आत आठ माणसे आहेत, खिडक्यांची तावदाने हलतात आणि नावेच्या तळाला सू तुंग-पोची लाल कड्यावरची दुसरी रचना संपूर्ण, तीनशेहून अधिक अक्षरांत, कोरलेली आहे. त्याखाली वर्ष, महिना आणि कारागिराचे नाव. चेंडूत नुसते कसब आहे. या नावेत नदीवरची एक रात्र आहे आणि ती नावेएवढ्याच जागेत मावते हे पाहून माणूस गप्प होतो. तळाशी नाव कोरायची परवानगी त्या कारागिराला मिळाली, ही गोष्ट लक्षात ठेवावी. पुढे तिची गरज पडणार आहे.

परतीच्या प्रवासात मी ही सगळी बडबड आमच्या सरांपुढे केली. सरांनी ऐकून घेतले आणि विचारले, “तेर पाहिलंस का रे?”

मी पाहिले नव्हते. बसमधल्या चाळीस जणांपैकी दोघांनी पाहिले होते, तेही गोरोबाकाकांच्या दर्शनाला गेलेले. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा होईपर्यंत लातूर आणि तेर एकाच जिल्ह्यात होते. हैदराबादेत चिनी कपाटे हुडकणाऱ्या माझ्यासारख्याने मुरूड, ढोकी करत तेरला जाण्याचे कष्ट मात्र घेतले नव्हते. पुढच्याच रविवारी मी एस.टी.ने गेलो.

तेर म्हणजे प्राचीन तगर. तेरणाकाठचे हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी जगाच्या बाजारात होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याचा पत्ता दिला आहे. भडोच बंदरापासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून अकिकासारखे दगड आणि तगरहून जाडेभरडे कापड व तऱ्हेतऱ्हेची मलमल गाड्यांत भरून, बिकट वाटांनी भडोचला जाई. इथल्या संग्रहालयाला रामलिंगप्पा लामतुरे यांचे नाव आहे. ते तेरचेच रहिवासी. पावसाने पांढर खचली की लोकांना जे सापडे ते त्यांनी वर्षानुवर्षे गोळा केले, जपले, आणि त्यांच्या त्या संग्रहातूनच पुढे हे शासकीय संग्रहालय उभे राहिले. पुराणवस्तुशास्त्राची पदवी नसलेल्या एका माणसाने केलेले हे काम आहे.

कपाटांतले मणी पाहिले आणि मला सालारजंगमधले जेड आठवले. कारण रीत तीच आहे. आपल्या काळ्या खडकात, म्हणजे दख्खनच्या बेसाल्टमध्ये, पोकळ्या असतात. त्या पोकळ्यांत अकीक, गारगोटी, कार्नेलियन तयार होतात. खडक झिजला की ते सुटतात आणि ओढ्यानाल्यांतून गोदावरीत जातात. नांदेडच्या घाटावर वाळूत पाय घातला तर तळव्याला टोचतात ते हेच. कच्चा कार्नेलियन मळकट पिवळा असतो. तो मंद आचेवर भाजला की आतल्या लोहामुळे तांबडा लाल होतो. मग छिलून त्याला आकार द्यायचा, खाचा पडलेल्या दगडावर घासून गोल करायचा आणि शेवटी भोक पाडायचे. हेच खरे काम. गुजरातेत खंबायतचे कारागीर आजवर हे काम करत आले आहेत, त्यामुळे त्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. कामट्याने फिरवायच्या सळईच्या टोकाला हिऱ्याचे दोन कण बसवतात, वरून पाण्याचा थेंब थेंब सोडतात. एका बाजूने अर्ध्यापर्यंत भोक पाडायचे, मणी उलटवायचा, दुसऱ्या बाजूने यायचे. दोन्ही भोके मध्यावर अचूक भेटली पाहिजेत. रेसभर चुकली तर मणी वाया. झिलईसाठी जुन्या काळी मणी कातडी पिशवीत पूड घालून भरत आणि दोन माणसे समोरासमोर बसून ती पिशवी कित्येक दिवस इकडून तिकडे लोळवत.

लाल मण्यावर पांढऱ्या रेघा असलेला एक प्रकार असतो. मला तो रंगवलेला वाटला होता. तो रंग नव्हे. क्षाराच्या द्रावणाने मण्यावर रेघा काढून मणी तापवला की क्षार दगडात मुरतो आणि तेवढाच भाग कायमचा पांढरा पडतो. मोरेश्वर दीक्षित यांनी अशा मण्यांवर १९४९ साली पुस्तकच लिहिले. भारतीय मणी, काच यांचा अभ्यास करायचा तर त्यांच्यावाचून पुढे जाता येत नाही.

मण्यांच्या शेजारी पांढऱ्या केओलिन मातीच्या बाहुल्या आहेत. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात दाबायचा, दोन्ही जोडून भाजायचे. बाहुली आतून पोकळ राहते. बाजूने निरखले तर सांध्याची रेघ सापडते. केसांची रचना, कानातली कुंडले, गळ्यातले हार इतके स्पष्ट की सातवाहन काळातल्या बायका काय घालत याचा तो एक कॅटलॉगच आहे. ज्या गावी पुढे गोरोबा कुंभार झाले त्या गावच्या मातीला हा हात आधीपासून होता असे म्हणण्याचा मोह होतो. पण तेराशे वर्षांचे अंतर एका वाक्यात ओलांडू नये, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने लक्षात ठेवलेले बरे.

आता हस्तिदंत. तेरच्या लामतुरे संग्रहातल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीचे नाव जगभरच्या अभ्यासकांना माहीत आहे. डग्लस बॅरेट या ब्रिटिश कलेतिहासकाराने १९६० साली तेरवर लिहिले तेव्हापासून ती विशेष प्रसिद्धीस आली. मी ती आमच्या ग्रंथालयातल्या पुस्तकात पाहिली. पानभर छायाचित्र, डोक्यावरचा भरगच्च केशसंभार, गळ्यातले अलंकार, कमरेची मेखला. एखाद्या देवळाच्या भिंतीवरची सुरसुंदरी असावी असे वाटले. मग मी खालचे माप वाचले : सुमारे १२ सेंटिमीटर. मी कंपासपेटीतली पट्टी काढून तळहातावर ठेवली. पुस्तकांचा हा अपराध आहे. छायाचित्रात कैलास लेणे आणि ही बाहुली एकाच आकाराच्या होतात आणि जी गोष्ट थक्क करणारी आहे तीच नेमकी नाहीशी होते. मूर्तीच्या मेखलेतला एकेक मणी प्रत्यक्षात किती असेल, तर मोहरीएवढा.

हिची बहीण इटलीत आहे. १९३८ साली पाँपेई इथल्या एका घरात अशीच हस्तिदंती स्त्री सापडली. ती साधारण दुप्पट उंच, दोन्ही बाजूंना दोन छोट्या दासी, आणि डोक्यातून खाली गेलेले भोक. आरशाची मूठ असावी किंवा छोट्या मेजाचा पाय, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. व्हेसुव्हियसने पाँपेई गाडले ते इसवी सन ७९ मध्ये, म्हणजे मूर्ती त्याआधीची. आज ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. ती भारतातली हे उघड होते, पण भारतात नेमकी कुठली? जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७३ साली नागपूर आणि मराठवाडा विद्यापीठांनी शां. भा. देव आणि रमेश गुप्ते यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले, त्यात हस्तिदंती मूर्तीचा खालचा तुकडा मिळाला. त्यातही मधली स्त्री आणि बाजूला दासी. पाँपेईच्या मूर्तीशी त्याचे साम्य इतके आहे की, ती मूर्ती याच परिसरातून गेली असावी असे मत काही अभ्यासकांनी मांडले. दुसरे काही तिचा संबंध वायव्येकडे लावतात, कारण तिच्या तळाशी खरोष्ठी अक्षर आहे. मला भोकरदनचा पक्ष घ्यावासा वाटतो. हा पुरावा नव्हे, आपलेपणा आहे, हे मान्य करतो.

आणि चीन? काबूलजवळ बेग्राम इथे १९३७ ते १९३९ या काळात फ्रेंच संशोधकांना बंद केलेल्या दोन खोल्या सापडल्या. आत भारतीय हस्तिदंताचे कोरीव तुकडे हजाराहून अधिक, रोमन बनावटीची काच, ब्राँझच्या मूर्ती आणि चिनी लाखकामाच्या वस्तू. चीनची बारीक कारागिरी आणि भारताची बारीक कारागिरी दोन हजार वर्षांपूर्वी एकाच कोठीत शेजारी शेजारी होती. आपल्या मराठवाड्याचे तिथे काही होते असा दावा मी करीत नाही. पण लहान वस्तू किती दूर जातात, ते यातून कळते. वेरूळ कुणाला गाडीत घालून नेता येत नाही. बारा सेंटिमीटरची बाहुली चिंधीत गुंडाळून जहाजावर चढते.

आता त्या नावाकडे येऊ. छन त्सू-चांगचे नाव नावेच्या तळाशी आहे. वांग शू-युआनचे नाव निबंधाने जपले. तेरच्या मूर्तीचा कर्ता कोण? उत्तर नाही. सांचीच्या मोठ्या स्तूपाच्या दक्षिण तोरणावर एक लेख आहे : विदिशेच्या दंतकारांनी हे कोरीवकाम केले. हस्तिदंतावर हात बसलेल्या मंडळींनीच दगड कोरला, म्हणून तिथले दगड इतके भरगच्च. पण तिथेही श्रेणीचे नाव आहे, माणसाचे नाही. त्याच तोरणावर दुसऱ्या लेखात एक नाव सापडते ते आनंद याचे. तो राजा सातकर्णीच्या कारागिरांचा प्रमुख होता. प्रमुखाचे नाव राहिले, छिन्नी धरणाऱ्याचे गेले. ही रीत आपल्याला अगदीच अनोळखी आहे असे नाही. देगलूर-उदगीरच्या मंडळींना जवळच्या बिदरचे बिदरी काम ठाऊक असते. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेली सुरई, तिच्यावर कोरलेल्या रेघांत ठोकून बसवलेली चांदीची तार, आणि किल्ल्यातली जुनी माती व नवसागर यांच्या लेपाने काळेभोर केलेले अंग. अशी सुरई आपण लग्नात भेट देतो. ती कुणी केली हे आपण दुकानदाराला कधी विचारले आहे काय?

हस्तिदंताचे काम आता व्हायचे नाही आणि होऊही नये. १९८६ साली आपल्याकडे वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ च्या दुरुस्तीने आफ्रिकेतला हस्तिदंतही त्यात आला, चीनने २०१७ च्या अखेरीस आपला देशांतर्गत बाजार बंद केला. त्या सुंदर चेंडूंसाठी किती हत्ती मेले याचा विचार संग्रहालयात कपाटापुढे उभे राहिल्यावर येत नाही. तो यायला हवा. क्वांगचौचे काही कारागीर आता बर्फात गाडलेल्या मॅमथच्या सुळ्यांवर आणि बैलाच्या हाडावर हात चालवतात.

तेरहून परतताना एक गोष्ट खटकत राहिली. आपल्याकडे गावाला पांढरी म्हणतात आणि शेताला काळी. जुन्या वस्तीच्या टेकाडाची पांढरी माती खतासारखी पिकाला मानवते, म्हणून ती गाड्या भरभरून काळीत नेऊन टाकण्याची चाल मराठवाड्यात जुनी आहे. शेतकऱ्याला दोष कसा द्यावा? त्याला ज्वारी पिकवायची असते. पण त्या मातीबरोबर मोहरीएवढे, ज्वारीएवढे मणीही जातात. मोठी मूर्ती निघाली तर माणूस थांबतो, नारळ फोडतो. मण्यासाठी कोणी थांबत नाही.

आमच्याही गावाबाहेर असे टेकाड आहे. लहानपणी पहिला पाऊस पडून गेला की आम्ही पोरे तिथे जायचो. लाल मणी धुऊन निघालेले असायचे. चांगले मणी आम्ही गोट्यांच्या डावात लावले, काही शेळीच्या गळ्यातल्या दोऱ्यात ओवले. शेळी विकली तेव्हा मणीही गेले. एकच मणी उरला, कारण त्यात दोरा जाईना. ‘खोटा मणी’ म्हणून तो कुणी डावातही घेईना, आणि तो माझ्याकडे पडून राहिला. तेरहून आल्यावर मी तो शोधून काढला आणि भिंगाखाली धरला. एका बाजूने भोक अर्ध्यापर्यंत सरळ गेले आहे. दुसऱ्या बाजूला नुसता एक बारीक खळगा आहे, टाचणीचे टोक टेकेल एवढा. कारागिराने मणी उलटवला होता, सळई टेकवली होती, आणि तिथेच काम थांबले.